बिनआट्याच्या नळीतून पन्नास यार्ड

नाताळ उलटला की दुसऱ्या दिवशी, साधारण २६ डिसेंबरला, पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा एक हंगाम सुरू होतो. इतर सगळ्या हंगामांपेक्षा तो निराळा आहे. यात बंदूक वापरायची तर ती चकमकीचीच हवी. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची आणि गारगोटी पोलादावर घासून पडलेल्या ठिणगीने ती पेटवायची. गारगोटीऐवजी स्फोटक टोपीने पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकांनाही इथे जागा नाही, दुर्बिणीचा तर प्रश्नच नाही. १९७४ पासून हा हंगाम चालत आला आहे. तोवर बर्फ पडलेला असतो, पानं झडलेली असतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या गडबडीत शहाणी झालेली हरणं माणसाची चाहूल लागताच नाहीशी होतात.

हा माझा सहावा हंगाम. शिकार हा शब्द तुमच्यापैकी अनेकांना खटकेल याची मला जाणीव आहे. मीही इथे येऊन बरीच वर्षं तिच्यापासून लांबच होते. पण आज लिहायचंय ते विशेषतः माझ्या बंदुकीबद्दल, कारण चकमकीच्या हंगामातही ती वेगळी पडते. बाकीच्यांच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा असतात, माझी नळी आतून काचेसारखी गुळगुळीत आहे.

आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांनी मला हे शिकवलं. वय सत्तरीच्या पुढे. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते, पण मराठीत लिहिताना 'तो' म्हणवत नाही. अंगणात मी पानं गोळा करत होते आणि ते कुंपणापलीकडे शिशाच्या गोळ्या ओतत बसले होते. काय करताय विचारलं, तर त्यांनी एक गार झालेली गोळी माझ्या तळहातावर ठेवली. एवढीशी गोळी आणि केवढं वजन! नंतर तोलून पाहिली, २१ ग्रॅम भरली.

माझी बंदूक '२० बोअर'ची. या आकड्याचा अर्थ फार सुंदर आहे. नळीत नेमक्या बसतील अशा गोळ्या एक पौंड शिशातून वीस होतात, म्हणून वीस. नळीचा व्यास ०.६२ इंच, साधारण पावणेसोळा मिलिमीटर. याच नळीत एक गोळी ठासली तर हरीण, छर्रे ठासले तर टर्की किंवा ससा. फ्रेंच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी इथल्या मूळ रहिवाशांना फरच्या बदल्यात ज्या हलक्या बंदुका विकल्या त्या अशाच बिनआट्याच्या होत्या. ज्याला एकच बंदूक परवडायची त्याच्यासाठी हीच सोयीची. आट्याच्या नळीतून छर्रे उडवले तर त्यांना फिरकी बसून ते पसरून जातात.

आता मुख्य तक्रार: ही बंदूक नेम धरून मारायची नव्हेच, असं सगळे सांगतात. ही समजूत आली लष्करातून. 'ब्राउन बेस' नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी मस्केटची, म्हणजे शिपायाच्या बिनआट्याच्या लांब बंदुकीची, नळी पाऊण इंचाची आणि गोळी साधारण ०.६९ इंचाची. दीड मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली, म्हणजे नळी काजळीने माखली तरी गोळी भराभर खाली उतरावी. शिपायाला घाई असायची, समोर माणसांची रांग असायची, नेमकेपणाची गरजच नव्हती. १८१४ साली कर्नल जॉर्ज हँगर या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलं की साध्या मस्केटने दीडशे यार्डांवरून नेम धरलेल्या माणसाला गोळी लागलीच, तर तो फारच कमनशिबी म्हणायचा.

असं का होतं हे त्याच्या कितीतरी आधी, १७४२ मध्ये, बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने समजावलं होतं. सैल गोळी नळीत टकटक आपटत बाहेर येते. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसला त्यावर ती कोणत्या दिशेने निघणार आणि कोणत्या अंगाने गरगरणार हे ठरतं. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो तशी ती गोळी वळते. हे सिद्ध करायला रॉबिन्सने एका नळीचं टोक डावीकडे वाकवलं आणि ओळीने पातळ कागदांचे पडदे लावले. गोळी सुरुवातीला डावीकडे गेली खरी, पण वाकलेल्या नळीच्या उजव्या भिंतीला घासत गेल्यामुळे तिला मिळालेल्या गिरकीने तिला पुढे उजवीकडे ओढून नेलं. पडद्यांवरच्या भोकांनी तो मार्ग दाखवला. आट्यांचं काम एवढंच की ही गिरकी नशिबावर न सोडता प्रत्येक वेळी प्रवासाच्या दिशेभोवतीच द्यायची.

मग माझ्या नळीत आटे नाहीत तर मी काय करायचं? गोळीला आपटायला जागाच द्यायची नाही. माझी गोळी ०.६०० इंचाची. तिच्याभोवती तेल-मेणात भिजवलेली सुती चिंधी असते, तिला पॅच म्हणतात. चिंधीसकट गोळी नळीत घट्ट बसते आणि मधोमध राहते. गोळी ओतताना साच्याच्या तोंडाशी छोटा दांडा राहतो, तो कापल्यावर एक चपटा डाग उरतो. तो डाग प्रत्येक वेळी वर, बरोबर मध्ये. कुठेतरी असमतोल असणारच, तर तो निदान रोज एकाच जागी असू दे.

दारू ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम, आणि ती मापट्यातूनच. दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतायची नाही. आत एखादा निखारा धुमसत असला तर हातातलं सगळं शिंग उडेल. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये हवेची पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फाटूही शकते. गोळी ठासायच्या माझ्या गजावर दोन खुणा आहेत, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. त्या खुणेकडे पाहिल्याशिवाय मी गज जागेवर ठेवत नाही. आणि काळ्या दारूचा साधारण निम्मा भाग जळल्यावर घन रूपातच मागे उरतो, म्हणून प्रत्येक बारानंतर एक ओलसर चिंधी नळीतून फिरवायची. पाचव्या बाराला नळी पहिल्या बारासारखी असेल तरच पाचवी गोळी पहिलीच्या शेजारी जाईल.

सुरुवातीला माझ्या गोळ्या ताटाएवढ्या जागेत कुठेही पडायच्या. शेजारी लक्ष्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते पंधरा पावलं पुढे जाऊन गवतातून माझ्या उडालेल्या चिंध्या वेचून आणायचे. "गोळी कुठे गेली ते नंतर. आधी ही का जळली ते बघ." चिंध्यांना भोकं पडली होती. दारूच्या आचेने पॅच नळीतच जळायचा आणि गोळी सैल व्हायची. त्यावर त्यांनी दिलेला उपाय जुन्या शिकाऱ्यांचा: गांधीलमाशीच्या सोडून दिलेल्या पोळ्याचा कागद. तो चुरगळून दारू आणि गोळी यांच्यामध्ये ठासला की आच अडते. त्या दिवसापासून हिवाळ्यात रिकामी पोळी दिसली की मी ती घरी आणते. पुढे वेचलेल्या चिंध्या अख्ख्या निघू लागल्या, कडा फक्त तपकिरी. आणि गोळ्या एकमेकींच्या जवळ यायला लागल्या.

नेम धरणं हा याहून कठीण भाग. या बंदुकीला मागची दृष्टी नाही. पुढे नळीच्या टोकाशी पितळेची बारीक माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा आहे, बस्स. मागची दृष्टी म्हणजे तुमचा डोळा. गाल दस्त्यावर केसभर वर टेकला तर गोळी वर जाते, खाली दाबला तर खाली, डोळा बाजूला सरकला तर बाजूला. नळी दस्त्याला जिथे जोडली जाते तिथे मागे एक स्क्रू असतो. त्याची खाच नळीच्या रेषेत फिरवून ठेवायची आणि माशी त्या खाचेवर उभी दिसली पाहिजे. एवढाच आधार. माशीच्या मागे नळीचा किती पृष्ठभाग दिसतो हे मनात ठसेपर्यंत मी घरी भिंतीसमोर रिकामी बंदूक रोज पन्नास वेळा खांद्याला लावायची. डोळे मिटून लावायची, गाल टेकवायची आणि मग डोळे उघडायची. माशी खाचेवर असेल तर बरोबर.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती मला पहिल्याच हंगामात कळली. ऑगस्टमध्ये सुती शर्ट घालून केलेला सराव डिसेंबरमध्ये उपयोगी पडत नाही. जाड कोट घातला की दस्ता बोटभर लांब झाल्यासारखा होतो, गाल मागे सरकतो आणि गोळी जागा बदलते. आता मी उन्हाळ्यातही शिकारीचा कोट चढवून सराव करते.

त्यात चकमकीचा वेळ. चाप ओढला की घोडा पडतो, गारगोटी पोलादाला घासते, ठिणगी वाटीतल्या रंजकीवर, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूवर पडते, तिची ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून आत शिरते आणि मग बार होतो. सगळं नीट जमलं तर हे क्षणार्धात होतं, पण त्या क्षणार्धात डोळ्यासमोर फुटभर ज्वाळा उठलेली असते. शरीर दचकतं, आणि दचकलं की नेम गेला. चाप ओढल्यावरही माशीकडे पाहत राहायचं, धूर निघून समोरचं दिसेपर्यंत. कान तुंबला किंवा रंजक ओलसर झाली तर नुसती वाटी पेटते, आत काहीच होत नाही. मराठीत आपण 'फुसका बार' म्हणतो तो अक्षरशः हाच. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचं, कारण बार उशिराही होऊ शकतो. दमट हवेत मी अर्ध्या तासाने रंजक बदलते आणि चापाच्या सगळ्या यंत्रणेवर तेल लावलेलं चामडं बांधून ठेवते.

आज पन्नास यार्डांवर उभ्याने, आधाराशिवाय, माझ्या दहातल्या आठ गोळ्या तळहाताच्या जागेत बसतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये बिनआट्याच्या चकमकीच्या मस्केटसाठी 'मिकले' नावाचा प्रकार आहे, तोही उभ्याने आणि पन्नास मीटरवरच. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या बंदुकीच्या प्रकाराला तर 'तानेगाशिमा' म्हणतात, १५४३ साली पोर्तुगीज ज्या जपानी बेटावर बंदुका घेऊन उतरले त्या बेटाचं नाव. तेही पन्नास मीटर. हे अंतर पुन्हा पुन्हा येतं त्याला कारण आहे. पंच्याहत्तर यार्डांवर माझ्या त्याच दहा गोळ्या टोपलीभर जागेत पसरतात. अंतर दीडपट, पसारा मात्र कितीतरी जास्त, कारण गिरकीचं वळण जसजसं पुढे जावं तसतसं वाढत जातं.

छर्ऱ्यांचं थोडक्यात सांगते. वसंतात नर टर्कीसाठी मी दारू आणि छर्रे एकाच मापट्याने समसमान भरते. माझ्या नळीचं तोंड निमुळतं नाही, त्यामुळे पंचवीस यार्डांपलीकडे छर्ऱ्यांमध्ये इतकी जागा पडते की पक्षी नुसता जखमी होऊन उडेल. म्हणून पंचवीस म्हणजे पंचवीस.

हरणासाठी माझी मर्यादा पन्नास. कायद्याने घातलेली नाही, माझ्या चिंध्यांनी आणि कागदावरच्या भोकांनी घातलेली आहे. हरणाच्या खांद्यामागची जागा, जिथे गोळी लागली तर ते लगेच संपतं, ती साधारण दोन तळव्यांएवढी. जिथवर माझ्या गोळ्या त्या जागेत पडतात तिथवरच मला चाप ओढण्याचा हक्क आहे, असं मी मानते. जंगलात बसले की आधी पावलं मोजून चारी दिशांची झाडं मनात नोंदवते: तो वाकडा ओक चाळीस, ती पडलेली हेमलॉक पन्नास.

तिसऱ्या हंगामात एक नर हेमलॉकच्या पलीकडे वीस मिनिटं उभा होता. आडवा, निवांत, शिंगांवर बर्फ. घोडा चढवलेला, माशी त्याच्या खांद्यावर. सत्तर यार्ड असतील. शेजारच्या टेकडीवर कुणाच्या आट्याच्या नळीला ते सहज जमलं असतं. मी घोडा उतरवला. तो गेला तेव्हा मला रडू आलं, आणि ते दुःखाचं होतं की सुटकेचं हे अजूनही नक्की सांगता येत नाही.

यंदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, चार वाजून गेल्यावर, एक मादी ओकच्या अलीकडून आली. बर्फावर तिच्या पावलांचा आवाज आधी आला. गाल दस्त्यावर टेकला, माशी खाचेवर उभी राहिली. ज्वाळा, बार, आणि समोर पांढऱ्या धुराची भिंत. मी गुडघ्यावर बसून धुराखालून पाहिलं. ती चाळीसेक पावलं धावली आणि कोसळली. शिकवल्याप्रमाणे मी जागेवरून न हलता आधी बंदूक पुन्हा भरली. हात थरथरत होते, मापट्यातली थोडी दारू बर्फावर सांडली. मग जवळ गेले, तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसले. अजून ऊब होती. परवान्याचा टॅग भरून कानाला बांधला आणि अंधार पडायच्या आत ओढत रस्त्यापर्यंत आणलं.

रात्री मागच्या ओसरीत नळीत कढत पाणी ओतत होते. काळ्या दारूची राख ओलावा ओढून घेते आणि एका रात्रीत लोखंडाला गंज चढवते, त्यामुळे हे काम उद्यावर टाकता येत नाही. काळं पाणी कानातून वाहत होतं, गंधकाचा वास सगळीकडे. शेजारी कुंपणापाशी आले. हरीण केवढं, नर की मादी, काहीच विचारलं नाही.

"किती पावलं?"

"अडतीस."

त्यांनी मान हलवली आणि हात पुढे केला. चिंधी मी शोधून आणलीच असणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मी खिशातून काढून दिली. ओसरीच्या दिव्याखाली त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणून धरली आणि उलटसुलट करून पाहिली.