ओटीटीवर महापालिकेचा कर: पण मोजणार कोण?

ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरून सिनेमा-मालिका दाखवणाऱ्या ॲपच्या वर्गणीवर, महापालिकेनं कर लावावा का, असं तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. सांगलीत हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. घरपट्टी भरून बाहेर पडलेला माणूस विचारतो, "आता मोबाइलवरच्या सिनेमालाही पट्टी लावणार का हो?" आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात डोकं घालणारा विचारतो, "थिएटरं ओस पडली, केबलचा कर गेला, सगळं गाव ओटीटीवर बघतंय. मग तिथं कर का नको?"

दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. शहरानं ओटीटीच्या वर्गणीवर स्वतःचा वेगळा कर लावू नये. महापालिकेच्या माणसाला जे मोजता येत नाही, त्यावरचा कर ठरावाच्या कागदावरच राहतो. शहराला पैसा मात्र मिळायला हवा, आणि तो मिळवायची वाट दुसरी आहे.

करमणूक कर हा मुळात मोजणीचा कर होता. सिनेमागृहात क्रमांक घातलेली तिकिटं असायची, प्रत्येक खेळाचा हिशेब डीसीआरवर, म्हणजे रोजच्या गल्ल्याच्या तक्त्यावर, चढायचा, आणि निरीक्षकाला शंका आली तर तो मध्यंतराआधी आत शिरून डोकी मोजायचा. भरलेल्या खुर्च्या किती, फाटलेली तिकिटं किती, थिएटरकडे उरलेल्या तिकिटांच्या स्थळप्रती किती, हे तिन्ही आकडे जुळले तर ठीक.

केबल आली आणि इथंच घोडं अडलं. महाराष्ट्रात केबलवर कर होता तो जोडणीमागे, दरमहा ठरावीक रकमेचा: महापालिका हद्दीत 45 रुपये, अ आणि ब वर्ग नगरपालिकांत 30, बाकी ठिकाणी 15. वसुली जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेकडे. दर सोपा, पण जोडण्या किती हे केबलवाल्यानंच सांगायचं. खांबावरच्या एका स्प्लिटरमधून चार वायरी चार घरांत गेल्या, तर त्यातली एकच वहीत दिसायची. निरीक्षक खांबावर चढणार नाही, आणि गल्लीतलं कुणी सांगणार नाही. कमी जोडण्या दाखवणं हा या कराचा जन्मभराचा रोग होता.

त्यावर औषध निघालं ते सेट-टॉप बॉक्सच्या रूपानं. प्रत्येक बॉक्सला क्रमांक, आणि कुठला बॉक्स चालू, कुठला बंद याची नोंद नियंत्रण कक्षाच्या सर्व्हरवर. महानगरं आणि मोठी शहरं आधीच्या दोन टप्प्यांत झाली होती. उरलेल्या शहरी भागासाठी, म्हणजे आपल्यासारख्या शहरांसाठी, तिसऱ्या टप्प्याची मुदत होती 31 डिसेंबर 2015. आकडा खरा मिळायला लागला, आणि दीड वर्षात, 1 जुलै 2017 रोजी, जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरला. हे लक्षात ठेवायचं, कारण ओटीटीच्या बाबतीत आपण पुन्हा बॉक्सच्या आधीच्या काळात उभे आहोत. फरक इतकाच की आता खांबही नाही.

"महापालिकेला असा अधिकार तरी आहे का?" हा पुढचा प्रश्न. अधिकाराला जागा आहे. जीएसटीसाठी झालेल्या 101व्या घटनादुरुस्तीनं राज्यसूचीतल्या, म्हणजे राज्यांच्या अधिकारातल्या विषयांच्या यादीतल्या, 62व्या नोंदीचे शब्द बदलले. आधी करमणुकीवर कर बसवायचा अधिकार राज्याचा होता. आता तो उरला आहे फक्त पंचायत, नगरपालिका किंवा अशा स्थानिक संस्थेनं आकारलेल्या आणि गोळा केलेल्या करापुरता. म्हणजे दार पुरतं बंद झालेलं नाही. पण "आकारलेला आणि गोळा केलेला" हे दोन शब्द सोडून बोलता येत नाही. राज्यानं एकदाच गोळा करावा आणि गावांना वाटून द्यावा, ही सोय या नोंदीत बसत नाही. वसुली ज्याची त्यानं करायची.

शिवाय महापालिका आपल्या मनानं उठून कर लावू शकत नाही. घटनेच्या 265व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही, आणि 243 एक्स नुसार तो आधार विधिमंडळानं द्यायचा. तो मिळाला की महासभेचा ठराव, मग तपशीलवार नियम, ते शासनाकडे, शासनाची मंजुरी आणि राजपत्र. दरवर्षीचे कराचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात, त्यामुळे एक पायरी चुकली की वर्ष गेलं. साताऱ्यात नगरपालिका आहे, तिचा कायदा वेगळा, 1965चा. पण शासनाच्या मंजुरीची पायरी तिथंही चुकत नाही.

इथं काही जण सर्वोच्च न्यायालयाच्या 22 मे 2025 च्या निकालाचं नाव घेतात. केबल आणि डीटीएचवर केंद्राचा सेवाकर आणि राज्याचा कर दोन्ही बसू शकतात, कारण दोन्ही एकाच व्यवहाराच्या वेगवेगळ्या अंगांवर आहेत, असा तो निकाल. पण तो वाद जीएसटीपूर्वीच्या काळातला, जुन्या 62व्या नोंदीवरचा. त्याच्या जोरावर सांगली महापालिका उद्या नोटीस काढू शकेल असं नाही.

आता तुमच्याच बिलाकडे या. ओटीटीच्या ॲपमध्ये खात्यात जाऊन बिलिंग उघडा आणि मागच्या महिन्याचं बीजक उतरवून घ्या. महिना 149 रुपयांचा प्लॅन धरा. त्यात मूळ किंमत 126 रुपये 27 पैसे आणि जीएसटी 22 रुपये 73 पैसे, म्हणजे 18 टक्के. कंपनीची नोंदणी महाराष्ट्रातली असेल तर हा कर केंद्राचा 9 आणि राज्याचा 9 असा दोन ओळींत दिसतो. नोंदणी बाहेरची असेल तर एकाच ओळीत 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा एकत्रित जीएसटी, पण त्यातलाही राज्याचा वाटा ग्राहकाच्या राज्याकडेच येतो. आणि त्याच बीजकावर पुरवठ्याचं ठिकाण म्हणून छापलेलं असतं: महाराष्ट्र, आणि जीएसटीतला राज्याचा संकेतांक 27.

बस्स, तेवढंच. सांगली नाही, मिरज नाही, वॉर्ड नाही. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला ऑनलाइन सेवा दिली तर बीजकावर त्याच्या राज्याचं नाव हवंच, रक्कम कितीही लहान असो, एवढाच जीएसटीचा आग्रह आहे. शहराचं नाव कुणी मागत नाही, म्हणून कंपनी विचारत नाही. तिच्याकडे तुमचा मोबाइल नंबर आहे, ईमेल आहे, यूपीआयची खूण आहे. घराचा पत्ता बहुतेक वेळा नाहीच.

मग पिनकोड मागू, असं कुणी म्हणेल. 416416 म्हणजे सांगली, 416410 म्हणजे मिरज. पण पिनकोड ही टपाल खात्याची सोय आहे, टपाल वाटपाच्या हद्दीप्रमाणे आखलेली. महापालिकेची हद्द वेगळ्या रेषेनं जाते. माधवनगर शहराला इतकं चिकटलेलं की रस्त्यानं जाताना कुठं संपलं कळत नाही, पण तिथं ग्रामपंचायत आहे. त्या माणसाकडून महापालिकेनं कर घेतला तर तो पहिल्याच अपिलात परत द्यावा लागेल. आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाचा, तर भरवसाच नको. मोबाइल डेटा कंपनीच्या मोठ्या केंद्रातून फिरून येतो, आणि सांगलीच्या विश्रामबागेत बसून बघणारा माणूस पुण्यात किंवा मुंबईत दिसतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे आपल्याकडे बरेच जण ओटीटी वेगळं विकत घेतच नाहीत. 84 दिवसांचा रिचार्ज मारला की त्यात डेटा, कॉल आणि दोन-तीन ॲप येतात. फायबरचं कनेक्शन घेतलं की राउटरसोबत दहा-बारा ॲपचा गठ्ठा. त्यातल्या करमणुकीची किंमत किती, हे बिलावर लिहिलेलं नसतं. कर लावायचा तर कंपनी म्हणेल करमणूक फुकट आहे, पैसे डेटाचे आहेत. महापालिका ते खोटं कशी ठरवणार? आणि घरोघरचा नेहमीचा प्रकार: मुलगा हिंजवडीत, वर्गणी त्याच्या कार्डावर, आणि मालिका बघते ती आई, सांगलीच्या गावभागातल्या घरी. कर पुण्याचा की सांगलीचा?

हे सगळं जमलं असं धरू आणि महापालिकेचा 5 टक्के कर लावू. 126.27 वर 6 रुपये 31 पैसे. पण जीएसटी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे दुसऱ्या कायद्याखाली लागणारा कर पुरवठादारानं वेगळा आकारला, तर तो किमतीत धरून त्यावरही जीएसटी लागतो. म्हणजे 132 रुपये 58 पैशांवर 18 टक्के. तुमचं बिल 149 वरून 156 रुपये 45 पैशांवर. वाढलेल्या 7 रुपये 45 पैशांतले 6 रुपये 31 पैसे महापालिकेचे, उरलेला 1 रुपया 14 पैसे करावरचा कर. समजा हद्दीत असे 40 हजार सरळ वर्गणीदार सापडले, तर वर्षाला 30 लाखांच्या आसपास. त्यासाठी वेगळा कक्ष, सॉफ्टवेअर, वकील आणि मुंबई-बेंगळुरूच्या कंपन्यांचे हिशेब तपासायला माणसं. राज्यात 29 महापालिका, शिवाय नगरपालिका आणि सुमारे 28 हजार ग्रामपंचायती. प्रत्येकीचा दर वेगळा आणि विवरणपत्र वेगळं झालं, तर मोठी कंपनी वकील लावेल आणि लहान मराठी ॲप दुकान बंद करेल. मला जास्त भीती त्या लहान ॲपची वाटते.

दुहेरी कराचं काय होतं ते तमिळनाडूनं 2017 मध्ये पाहिलं. तिकिटावर जीएसटी होताच, त्यावर स्थानिक संस्थांचा 30 टक्के करमणूक कर आला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात थिएटरं बंद पडली. नंतर दर खाली आणावा लागला.

"मग शिकागोला कसं जमतं?" असं वाचून आलेले लोक विचारतात. तिथं 2015 पासून करमणूक कर स्ट्रीमिंगवरही आहे. तेव्हा 9 टक्के होता, जानेवारी 2025 पासून सव्वादहा टक्के झाला. तो कोर्टातही टिकला. पण तिथल्या शहराला कर बसवायचे स्वतःचे व्यापक अधिकार आहेत, आणि क्रेडिट कार्डाला घराचा पत्ता बांधलेला असतो, त्यावर हिशेब होतो. आपल्याकडे यूपीआयला पत्ता नाही आणि प्रीपेड सिमला बिल नाही. त्यामुळे तिकडची पद्धत जशीच्या तशी इकडे उचलून आणता येणार नाही. जवळचं उदाहरण कर्नाटकचं. 2024 च्या कायद्यानं त्यांनी सिनेमाच्या तिकिटावर आणि वर्गणीवर 1 ते 2 टक्के उपकराची तरतूद केली, सिने आणि सांस्कृतिक कलावंतांच्या कल्याणासाठी. पण तो राज्याचा कायदा आहे, शहराचा नाही, आणि राज्य बीजकावर दिसतं.

थिएटरवाल्यांची तक्रार मला मनापासून पटते, पण तिचा रोख चुकतो. ओटीटीला करातून सोडलेलं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या तिकिटावर 18. ओटीटीवर सरसकट 18. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तर शून्य. एकपडदा थिएटरला ओटीटीवरच्या जादा करानं प्रेक्षक मिळणार नाहीत. त्याला घरपट्टीत आणि परवान्यांच्या खेट्यांत सवलत हवी, आणि ती देणं महापालिकेच्या हातात आहे.

आता पैशाची वाट. तुमच्या 149 रुपयांतले 11 रुपये 36 पैसे राज्याच्या वाट्याचे आहेत, आणि ते आजच, एकही नवा कर न लावता, मुंबईत जमा होतात. महापालिकेला त्या वाट्यातून ओटीटीच्या नावानं काही येत नाही. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्याची भरपाई 2017 च्या कायद्यानं मिळते, 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी 8 टक्के वाढीनं. त्या पायाभूत आकड्यात केबलचा करमणूक कर नव्हता, कारण तो राज्याचा होता. ओटीटी तर तेव्हा आपल्याकडे नुकतंच आलं होतं. म्हणून मागणी करायची ती राज्य वित्त आयोगापुढे, म्हणजे राज्याच्या पैशातला वाटा स्थानिक संस्थांना कसा द्यायचा ते सुचवणाऱ्या आयोगापुढे: करमणुकीच्या सेवांवरच्या राज्य जीएसटीचा ठरावीक टक्का लोकसंख्येप्रमाणे शहरांना द्या, आणि तो नाट्यगृहांच्या खात्यातच टाका. 1843 साली ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावाला ही मागणी पहिल्यांदा करायचा हक्क आहे. मिरजेचं बालगंधर्व नाट्यगृह, साताऱ्याचं शाहू कलामंदिर, यांच्या ध्वनियंत्रणेला, खुर्च्यांना आणि मेकअप खोलीतल्या नळांना दरवर्षी पैसे लागतात. एकदा उद्घाटनाला रंग मारून भागत नाही. मेकअप खोलीत पाणी नसेल तर पुण्याची संस्था पुढच्या वेळी प्रयोग लावत नाही, इतकं ते साधं आहे.

आणि जे मोजता येतं ते महापालिकेनं नीट मोजावं. वाढीव बांधकामांची घरपट्टी, नळजोडण्या, रस्ता खोदून फायबर टाकणाऱ्याकडून दुरुस्तीचा खर्च. खोदाईच्या परवानगीत मीटर लिहिलेले असतात; काम झाल्यावर टेप लावून ते मोजायचे आणि मगच अनामत सोडायची. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर बसतो हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये मान्य केलं होतं, पण 2023 चा दूरसंचार कायदा म्हणतो की जागेवर बसवलेलं दूरसंचार जाळं मालमत्ता करासाठी त्या जागेचा भाग धरायचं नाही. त्यामुळे टॉवरच्या नव्या मागणीपत्रावर सही करण्याआधी विधी विभागाचा अभिप्राय घ्यावा, नाहीतर वसुलीपेक्षा कोर्टाचा खर्च जास्त व्हायचा.

तुम्हाला आज करता येईल अशी एक गोष्ट आहे. मिरजेच्या पलीकडे थोड्या अंतरावर कर्नाटक लागतं. जत, कवठेमहांकाळकडच्या कितीतरी घरांत अथणी-विजापूरकडचं सिम चालू असतं, आणि शिकायला बेंगळुरूला गेलेल्या मुलांची खाती तिथल्याच पत्त्यावर उघडलेली असतात. त्या बीजकावर संकेतांक 29 छापून येतो, आणि राज्याचे ते 11 रुपये 36 पैसे कर्नाटकात जातात. खात्याच्या माहितीत जाऊन राज्य बघा. राहता महाराष्ट्रात आणि छापलंय कर्नाटक, तर ते बदला, आणि पुढच्या महिन्याच्या बीजकावर 27 आलाय का ते तपासा. ॲपमध्ये बदलता येत नसेल तर ग्राहक सेवेला जुनं बीजक जोडून लिहा. वर्गणी रिचार्जमधून येत असेल तर बदल मोबाइल कंपनीच्या नोंदीत करावा लागतो, ॲपमध्ये करून उपयोग नाही.