मुख्याध्यापकांची मुलाखत: 40 मिनिटांसाठी 19 दिवस

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आंतरवासितेत (शाळेतल्या इंटर्नशिपमध्ये) मुख्याध्यापकांची मुलाखत घेऊन अहवाल द्यायचा होता. शाळा सातारा जिल्ह्यातली, अनुदानित, पाचवी ते दहावी. पाठ, परिपाठ, निरीक्षणं सगळं सुरळीत झालं. अडकले ते पत्रापाशी.

कॉलेजचं पत्र शाळेच्या क्लार्कपुढे, म्हणजे भाऊसाहेबांपुढे ठेवलं. "जावक क्रमांक कुठाय?" खरंच नव्हता. कॉलेजला एसटीने जायला दीड तास. दुसऱ्या दिवशी क्रमांक टाकून आणला, तर म्हणाले, "मुलाखत आहे ना, मग संस्थेची परवानगी लागेल. सचिवांच्या नावे पत्र आणा." हे आदल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? माझा अजूनही संताप होतो. पुन्हा कॉलेज, पुन्हा प्राचार्यांची सही. सचिव फक्त गुरुवारी येतात. पहिल्या गुरुवारी ते लग्नाला गेलेले, दुसऱ्या गुरुवारी दोन मिनिटांत सही झाली.

तोवर सप्टेंबरचा शेवट आला. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार ते ठरतं. त्यात ज्या मुलांच्या आधारची माहिती जुळत नाही, ती रोज वर्गात बसत असली तरी हिशेबात धरली जात नाहीत. मुख्याध्यापक सर एकेका पालकाला फोन करून "जन्मतारीख दुरुस्त करून आणा" सांगत होते. चार दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून ते ऐकलं. सरांवर राग धरता आला नाही. एका मुलाच्या आधारमुळे एक शिक्षक जाऊ शकतो, हे मला त्या बाकावर कळलं.

म्हणून सांगते, मुलाखत जुलै-ऑगस्टमध्येच उरका. आणि पहिल्याच दिवशी विचारा, पत्र कुणाच्या नावे हवं. पोच घ्यायला आपल्याकडे झेरॉक्स असू द्या.

शेवटी शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, वेळ मिळाली. कॉलेजने दिलेल्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता, "आपला शैक्षणिक दृष्टिकोन सांगा." सर भाषणासारखं बोलले, ते लिहून घ्यायलाही कंटाळा आला. मग मी कागद बाजूला ठेवून विचारलं, "सर, आज आल्यापासून काय काय केलंत?"

तिथून मुलाखत सुरू झाली. दोन शिक्षक रजेवर, त्यांचे तास मोकळ्या शिक्षकांना लावून दिले. शालार्थवर, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, पगारबिल. पोषण आहाराची नोंद: सहावी ते आठवीला माणशी 150 ग्रॅम तांदूळ, मुलं कमी आली की शिल्लक जुळवायची. आठवीतली एक मुलगी आठ दिवस आली नव्हती, तिच्या आजीशी बोलणं झालं. मुलगी ऊसतोडीला जाणार होती का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण सरच म्हणाले, "धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलंय. सोमवारी मी जाऊन येतो."

शेवटी म्हणाले, "नववीचं गणित माझ्याकडे आहे. आठवड्यातून दोन तास तरी या कामात बुडतात. ते मनाला लागतं." अहवालात मी हेच वाक्य पहिलं लिहिलं.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. सरांनी नको म्हटलं, मी वहीत लिहिलं. आणि एक राहिलं: अहवालाच्या शेवटच्या पानावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का लागतो. तो भाऊसाहेबांच्या कपाटात असतो, आणि शनिवारी ते बाराला निघतात.