जिथे भात पिकत नाही तिथले त्तॉक

कोरियन मालिकांमुळे त्तॉकबोक्की हे नाव आता कोल्हापुरातल्या कॉलेजच्या मुलांच्याही तोंडी बसले आहे, आणि त्यामुळे त्तॉक म्हणजे तिखट लाल रश्श्यात पोहणाऱ्या तांदळाच्या पांढऱ्या कांड्या, अशी एक समजूत झाली आहे. प्रत्यक्षात त्तॉक हा वाफवलेल्या, कुटलेल्या, उकळत्या पाण्यात शिजवलेल्या आणि तव्यावर परतलेल्या पिठाच्या पदार्थांचा फार मोठा परिवार आहे. त्यातले मला सर्वांत रोचक वाटणारे प्रकार भाताच्या सुपीक खोऱ्यांतले नाहीत, तर जिथे भाताने दगा दिला त्या डोंगरांतले आणि बेटांवरचे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला हे पटायला वेळ लागू नये. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शिरोळला तो पाच-सहाशेच्या आसपास राहतो, आणि या पन्नास-साठ मैलांच्या अंतरात नाचणी, भात, ऊस, शाळू असे ताट बदलत जाते.

आधी तांदळाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. कोरियात त्तॉकसाठी दोन प्रकारचे तांदूळ वापरतात. एक रोजच्या भाताचा आणि दुसरा चिकट. भाताच्या तांदळातल्या स्टार्चमध्ये अमायलोज हा घटक साधारण पाचवा हिस्सा असतो आणि गार झाल्यावर तोच पदार्थाला कडक करतो; चिकट तांदळात तो जवळजवळ नसतोच, म्हणून त्याचे त्तॉक दुसऱ्या दिवशीही ओढले की लांबते. नवीन वर्षाच्या सूपमध्ये चकत्या करून घालतात ते कारेत्तॉक भाताच्या तांदळाचे असते आणि ते कडक व्हावे अशीच अपेक्षा असते, कारण कडक झाल्याशिवाय पातळ, सारख्या चकत्या पडत नाहीत. कुटून केलेले आणि भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवलेले इन्जॉल्मी मात्र चिकट तांदळाचेच हवे. आपला आजऱ्याचा घनसाळ सुवासाला अप्रतिम आहे, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण तो या अर्थाने चिकट नव्हे. इंद्रायणीचा भात गिचका होतो, तरी तोही नव्हे. खरा चिकट तांदूळ हवा असेल तर आसामचा बोरा किंवा मणिपूरचा काळा चाकहाओ मागवावा लागतो.

दुसरी अडचण दळणाची. कोरियात मोहल्ल्यातल्या गिरणीत भिजवलेला तांदूळ नेऊन ओलाच दळून घेण्याची पद्धत आहे, आणि सणाच्या आधी तिथे रांगा लागत. ओल्या पिठाचा कण मऊ राहतो, वाफ त्यातून सारखी फिरते आणि दुकानातल्या कोरड्या पिठाने जो भरभरीतपणा येतो तो येत नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या गिरणवाल्यांना मी हे सुचवून पाहिले, तेव्हा त्यांनी डबा उघडून आत बोट घातले आणि म्हणाले, “ताई, ह्यो ओला हाय. जात्याचं दगूड लिंपून जातंय, मागनं येणाऱ्याच्या गव्हात तुमचा तांदूळ जायाचा.” त्यांचे बरोबरच होते. मोदकाच्या पिठासाठी आपण तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून नेतो, तेच इथे करायचे आणि पिठावर नंतर पाण्याचा हबका मारून ते जाड चाळणीने दोनदा चाळायचे, हा मार्ग मला पुरेसा वाटतो. मूठ वळून उघडली की पिठाचा गोळा टिकावा आणि तळहातावर हलकेच उडवला तरी लगेच फुटू नये, इतका ओलावा त्यात असला पाहिजे.

सोल आणि त्याच्या भोवतालच्या प्रदेशातल्या त्तॉकविषयी मी फार लिहिणार नाही. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातले दुतॉप-त्तॉक, ज्यात चेस्टनट, खारीक-बोरांसारखी वाळवलेली फळे, चिलगोजे आणि युजा या लिंबाची साखरेत मुरवलेली साल जाते, ते देखणे आहे, पण त्यात जमीन दिसत नाही, खजिना दिसतो.

दक्षिणेकडे जॉल्लात गेले की चित्र पालटते. हा कोरियाचा भाताचा कोठार प्रदेश. इथल्या यॉंगग्वांगमध्ये सोंगप्यॉन, म्हणजे छुसॉकच्या सणाला पाइनच्या सुयांवर वाफवतात ती सारण भरलेली त्तॉक, मोसी नावाच्या झुडपाची पाने पिठात कुटून गडद हिरवी केली जाते. मोसी म्हणजे रॅमी. तिच्या खोडाच्या धाग्यापासून उन्हाळी तलम कापड विणतात, आणि चुंगछॉंगमधल्या हानसानच्या विणकामाची २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. धागा एका गावाने नावारूपाला आणला, पाने दुसऱ्याने. या पानांमुळे त्तॉक लवकर कडक होत नाही, आणि आत सारण असते ते चवळीचे. सोललेली, शिजवलेली, किंचित गोड आणि मिठाची चवळी. मला हे वाचून जितका आनंद झाला तितका कुठल्याही राजेशाही पाककृतीने झाला नव्हता, कारण चवळी आपल्या प्रत्येक वाणसामानाच्या दुकानात आहे. दुसऱ्या चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी शेतीची कामे सुरू होण्यापूर्वी गड्यांना मोठ्या आकाराची सोंगप्यॉन द्यायची, तीही ज्याच्या त्याच्या वयाइतकी, असा जुना रिवाज होता. साठीच्या गड्याने ती कशी संपवली असतील, कोण जाणे.

पूर्वेकडच्या ग्यॉंगसांगमधल्या उइर्यॉंग गावचे मांगे-त्तॉक पानात गुंडाळलेले असते. हे पान स्मायलॅक्सच्या वेलीचे आहे, आणि त्याच कुळातली घोटवेल आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही सापडते. चिकट गोळ्यात लाल अझुकी डाळीचे पुरण भरून वर हे जाड, चकचकीत पान दोन्ही बाजूंनी लावतात. पान खायचे नसते. उन्हाळ्यात पदार्थ आंबू नये म्हणून ही सोय, आणि हंगाम संपल्यावरही पाने हाताशी असावीत म्हणून ती मिठात मुरवून ठेवतात. आपल्याकडे पातोळ्यांना हळदीचे पान लागते ते मात्र वासासाठी, आणि ते श्रावण-भाद्रपदातच मिळते.

खरी मौज कांगवॉनमध्ये आहे. हा पूर्वेचा डोंगराळ प्रांत. इथे भाताची खाचरे मोजकी, आणि जंगल जाळून शेती करणाऱ्यांच्या वाट्याला मका, कुट्टू (बकव्हीट), ज्वारी आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोरियात आलेला बटाटा. इथली सोंगप्यॉन बटाट्याच्या स्टार्चची असते. तो स्टार्च काढण्याची रीत नाक मुरडायला लावणारी आहे: किडके, फुटलेले, थंडीने गोठलेले बटाटे मडक्यात पाणी घालून कित्येक दिवस चक्क सडू द्यायचे, मग साले आणि चोथा गाळून टाकायचा, तळाशी बसलेल्या पांढऱ्या साक्यावरचे पाणी वास जाईपर्यंत पुन:पुन्हा बदलायचे आणि शेवटी तो उन्हात वाळवायचा. विकता येणार नाही असा मालही फेकायचा नाही, हा त्यामागचा हिशेब. या पिठात उकळते पाणी घालून मळले, आत घेवड्याचे दाणे भरले आणि मुठीत दाबले की बोटांचे ठसे उमटतात. ते मुद्दाम तसेच ठेवतात. वाफवल्यावर राखाडी पीठ अर्धपारदर्शक होते, आतला दाणा अंधुक दिसतो, आणि ते गरम असतानाच खावे लागते.

ज्वारीचे त्तॉक सगळ्या कोरियात होते आणि ते मुलांसाठी असते. सुसुपात-त्तॉक नावाचे लाल अझुकीच्या भरड्यात घोळवलेले हे लहान गोळे बाळाच्या शंभराव्या दिवसाला, पहिल्या वाढदिवसाला आणि पुढे दहा वर्षांचे होईपर्यंत करतात, कारण लाल रंगाने इडापिडा टळते अशी श्रद्धा आहे. तिथली ज्वारी तांबडी आणि चिकट वाणाची. तिच्या सालीतला तुरटपणा जावा म्हणून ती रात्रभर भिजवून लालसर पाणी अनेकदा ओतून द्यावे लागते. शाळवाच्या पिठाला हा व्याप नाही, पण चिकटपणाही नाही, म्हणून भाकरीसारखी उकड काढूनच गोळे वळावे लागतात आणि ते पाण्यात टाकल्यावर ढवळायचे नाहीत. वर तरंगले की झाऱ्याने काढायचे.

आणि जेजू. ज्वालामुखीच्या खडकाचे हे बेट पाणी धरून ठेवत नाही, पडलेला पाऊस खाली झिरपतो, त्यामुळे भातशेती तिथे नगण्यच राहिली. राळा, बार्ली आणि कुट्टू यांवर बेट जगले. बिंगत्तॉक म्हणजे कुट्टूच्या पातळ घावनात वाफवलेल्या मुळ्याचे लांब कीस तीळ-मीठ लावून गुंडाळलेली वळकटी. चव इतकी साधी की पहिल्या घासाला काहीच कळत नाही. कुट्टू पचायला जड, मुळ्याने तो पचतो, असे तिथले लोक मानतात. पितरांच्या पूजेलाही ते मांडतात. ओमेगी-त्तॉक राळ्याचे. राळ्याचे पीठ गरम पाण्यात मळून मधोमध भोक असलेली कडी वळायची, म्हणजे आतपर्यंत सारखी शिजतात, आणि ती उकळून, कुस्करून, किण्व घालून ओमेगी-सुल ही दारू गाळायची. तांदूळच नाही, तर तांदळाची दारू कुठून येणार? दारूसाठी केलेल्या कड्यांतली काही पुरणात घोळवून खाल्ली जात, तेच हे त्तॉक.

आज जेजूच्या बाजारात ओमेगी-त्तॉक म्हणून जे खोके भरभरून विकले जाते ते बहुतांशी चिकट तांदळाचे, दवण्याच्या जातकुळीतल्या सुक या वनस्पतीने हिरवे केलेले, आत गोड पुरण आणि बाहेर अख्खे दाणे लावलेले गोळे असतात. भोक गेले, राळा नावापुरता उरला. मला याची चीड येत नाही; ज्यांच्या आजी-आजोबांना तांदूळ केवळ सणापुरता दिसला, त्यांनी तो हाती येताच वापरला. २०२१ मध्ये कोरियन सरकारने त्तॉक बनवण्याच्या परंपरेला राष्ट्रीय अमूर्त वारसा ठरवले, तेव्हा ती कोणा एका व्यक्तीच्या वा संस्थेच्या नावे केली नाही, कारण ती घरोघरची आहे, आणि घरोघरची गोष्ट बदलणारच.

आपल्याकडे राळा भोगीच्या दिवशी भातासाठी आणतात आणि वर्षभर विसरतात. आता तो मिलेटच्या पाकिटात तांदळाहून महाग विकला जातो. तो चिकट वाणाचा नाही, त्यामुळे नुसत्या पिठाची कडी उकळत्या पाण्यात विरघळतात. निम्मे बोरा तांदळाचे पीठ, निम्मे राळ्याचे, कढत पाणी, चिमूटभर मीठ, आणि करंगळी जाईल एवढे भोक, असे केले तर सहा-सात मिनिटांत शिजतात. वर लावायला अझुकीऐवजी मटकी शिजवून भरडलेली चालते, आणि गोडीला कोल्हापुरी गूळ, पण तो पुरणापेक्षा निम्माच घालावा, नाहीतर राळ्याची किंचित कडसर चव लागतच नाही.