चंद्रकळेचं जाकीट

१२ जानेवारीला सकाळी दुकान उघडलं तेव्हा एक मुलगी पिशवी घेऊन पायरीवर उभी होती. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली नऊवारी तिने कटिंगच्या टेबलावर पसरली. काळी रेशमी इरकल, तांबडा गोमी काठ, पांढऱ्या नक्षीचा तांबडा पदर. चंद्रकळाच.

"ताई, नेसायची नाहीये. गुडघ्यापर्यंतचं जाकीट हवंय, बाह्या लालभडक. परवा हळदीकुंकवाला घालायचंय."

मला तिची मागणी फार आवडली. एरवी सणाला काळं नको म्हणणारी घरंसुद्धा संक्रांतीला हौसेने काळं काढतात. काळा रंग ऊन शोषतो आणि थंडीत ते हवंसंच वाटतं. त्यावर तांबड्या बाह्या म्हणजे बायकांच्या घोळक्यात ही लांबूनच ओळखू येणार.

पण आधी कापड बघायचं. जुनं रेशीम उजेडासमोर धरलं की कसरीने पाडलेली भोकं आणि विरलेल्या जागा दिसतात. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये इंचभर कापड धरून हलकेच ताणायचं, आधी उभं, मग आडवं. दोन घड्यांच्या मधल्या जागेतलं कापड चांगलं निघालं. ओलं पांढरं फडकं घासलं तर थोडा काळपटपणा आला, म्हणजे हे धुवायचं नाही. मग कोपऱ्यातली एक घडी मोडायला कोमट इस्त्री टेकवली आणि बारीकसा आवाज होऊन रेशीम घडीवरच चार इंच फाटलं.

हे का होतं ते माहीत असलं की घाबरायला होत नाही. वर्षानुवर्षं एकाच रेषेत मोडलेला धागा तिथेच कमजोर होतो. त्यात जुन्या काळ्या रंगात लोहाचा अंश असला तर तो रेशीम आतून ठिसूळ करतो, म्हणून जुन्या काळ्या साड्या इतर रंगांच्या आधी जातात. आडव्या घडीवर ताण्याचे, म्हणजे लांबीतले उभे धागे तुटतात, उभ्या घडीवर बाण्याचे, म्हणजे आडवे. आता इस्त्री बंद. घड्या मोडायच्या नाहीत, त्या शिवणीत घालवायच्या.

साडी मोजली. पन्हा ४५ इंच आणि त्याच्या बरोब्बर मध्ये एक उभी घडी. लांबीत दर २० इंचांवर एक आडवी. काठ जाकिटाच्या खालच्या कडेला घेतला तर मधली घडी काठापासून साडेबावीस इंचांवर, म्हणजे कमरेशी येते. तिथेच कापून कमरेला जोड द्यायचा. खालच्या भागासाठी घड्यांच्या दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा इंच सोडून १९ इंच रुंदीचे चार तुकडे घेतले. प्रत्येकी इंचभर माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, गेली तरी ७२ इंचांचा घेर मिळतो. तिची छाती ३६, त्यात ५ इंच सैल धरून कमरेच्या जोडाला ४१. उरलेले ३१ इंच चुण्यांत गेले. चुण्या दाबून बसवल्या नाहीत, नाहीतर आपणच नवी घडी तयार करतो. पन्ह्याच्या दुसऱ्या अर्ध्यातून वरचे चार भाग निघाले, पाठही मध्ये जोड देऊन दोन भागांची. त्यांचा चार इंची काठ सोडवून पुढची पट्टी केली. एकूण उंची साडेसदतीस इंच.

बाह्या पदरातून. इरकलचा पदर साडीच्या अंगाला विणताना जोडलेला असतो, अंगाच्या आणि पदराच्या ताण्यांचे फास एकमेकांत अडकवून. तिथे थेट कात्री चालवली तर धागे सुटत जातात. म्हणून सांध्यापासून अर्ध्या इंचावर पदराच्या बाजूला मशीनच्या दोन टिपा मारल्या आणि त्यांच्या अलीकडे, सांध्याच्या बाजूने कापलं.

फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड, लावलं तर काम लवकर झालं असतं. पण त्याला गरम इस्त्री दाबावी लागते, शिवाय फ्यूजिंगची कड जिथे संपते तिथे ठिसूळ रेशीम पुन्हा तुटतं. आम्ही गोधडीचा मार्ग धरला. मलमल गरम पाण्यात भिजवून, वाळवून, आधीच आटवून घेतली. न आटवता लावली तर पुढे घामाने, वाफेने ती आखडते आणि वरच्या रेशमाला सुरकुत्या पडतात. आठही भाग मलमलीवर सपाट पसरून मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घातले. मग दर दीड इंचावर उभा धावदोरा, टाका पाव इंचाचा. जोराचं काम मलमल करते, रेशीम तिच्यावर नुसतं टेकलेलं असतं. आजीच्या गोधडीत विरलेली लुगडी इतकी वर्षं टिकतात ती याचमुळे.

दोरा काळा घेणार होते. मुलगी म्हणाली, "काठासारखा तांबडाच घ्या ना, दिसू दे." तिचं बरोबर होतं. काळ्यावर त्या तांबड्या रेषा उठल्या आणि आधाराचं कामच नक्षी झालं.

आम्ही दोघी दुपारभर धावदोराच घालत होतो. मशीनला ९ नंबरची नवी सुई लावली, बोथट सुई धागा ओढते. टाका थोडा लांब ठेवला, कारण बारीक टाक्याने कापडावर भोकांची रांग पडते आणि ते तिथूनच फाटतं. दोरा सुती, कारण पॉलिस्टर जुन्या रेशमाला कापत जातं. खांद्याच्या शिवणीत सुती नाडा घातला. बगलेत तीन इंची नव्या सुती कापडाची कळी, म्हणजे जोडतुकडा, घातली, कारण घामाने रेशीम पहिल्यांदा तिथेच जातं. अस्तर एका जुन्या हळदी रंगाच्या सुती साडीचं, हातशिलाईने लावलेलं, म्हणजे उसवून धुता येईल.

रात्री साडेनऊला तिने अंगात घालून हात वर केले, वाकली, बसली. काही उसवलं नाही. तिला सांगितलं, हँगरला टांगू नकोस, मलमलीची गुंडाळी आत ठेवून सैल घडी घाल आणि दर वेळी घडीची जागा बदल. परफ्यूम आणि तिळगुळाचे हात लांब.

पाच वारांच्या आसपास साडी उरली. शेजारच्या वहिनींना त्यातून नातवाच्या बोरनहाणाला काळं झबलं हवं होतं. तेही मलमलीवरच बेतलं आणि हलव्याचे दागिने रेशमाला न टाचता आतल्या मलमलीत टाका घेऊन टाचायला सांगितले.