वाल्याच्या बायकोचा नकार

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेली कादंबरी आई दोन दिवसांत वाचून संपवीत असे आणि ती परत करण्याचे काम माझ्याकडे असे. नौपाड्यातून निघाले की मी आधी तलावपाळीच्या कठड्यावर बसून शेवटची दहा पाने वाचून काढी. बहुतेक कादंबऱ्यांच्या त्या पानांत कुणीतरी परत आलेले असे. संसार उधळून गेलेला नवरा किंवा वडिलांच्या धाकाने शब्द मोडलेला प्रियकर भर पावसात दारात उभा राही, दोन वाक्यांत क्षमा मागे आणि पान उलटायच्या आत दार उघडले जाई. मला ते फार आवडत असे. आईला मात्र एकदा विचारले, तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "इतक्या लवकर दार उघडायला नको होतं हिनं."

आज पन्नाशी उलटल्यावरही मी अशा कादंबऱ्या मनापासून वाचते. प्रेमाच्या, पश्चात्तापाच्या आणि दुसऱ्या संधीच्या गोष्टींना 'बायकी वाचन' म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. चुकलेल्या माणसाने घरी परत यावे का, आणि आल्यास त्याला कोणी, कशाच्या बदल्यात घरात घ्यावे, हा प्रश्न कोणत्याही गंभीर साहित्याइतकाच गंभीर आहे. माझी तक्रार एवढीच आहे की या कादंबऱ्या बहुधा परत येणाऱ्याच्या बाजूने लिहिल्या जातात.

आपल्याकडच्या उद्धाराच्या सर्वांत परिचित कथेत तसे नाही. वाल्या कोळ्याला नारद विचारतात, की ज्यांच्यासाठी तू वाटमारी करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन बायकोला विचारतो आणि ती नाही म्हणते. पुढचे रामनाम, अंगावर वाढलेले वारूळ आणि त्यातून बाहेर आलेला वाल्मीकी हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. पण त्या सगळ्याची सुरुवात एका बाईच्या स्पष्ट नकाराने झाली, याकडे आपण थांबून पाहत नाही. ती त्या क्षणी "मी आहे ना तुमच्याबरोबर" असे म्हणाली असती, तर वाल्या दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात गेला असता असे मला वाटते. लोकप्रिय कादंबरीतील नायिका नेमके तेच म्हणते आणि लेखक त्याला प्रेमाचा विजय मानतो.

दुसऱ्या संधीचा हिशेब आपल्या भाषेतच असमान मांडलेला आहे. बायको गेलेला पुरुष पुन्हा बोहल्यावर चढला की तो बिजवर, आणि त्याचे ते लग्नच. ज्या समाजांत विधवेला पुन्हा संसार मांडण्याची मुभा होती, तिथे मात्र तिचे लग्न होत नसे, तिचा पाट लागत असे. आणि ब्राह्मणांसारख्या जातींत तेवढीही वाट नव्हती. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला. संधी मिळाली, तीही किंमत मोजून. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकाचा विषयच विधवांची दैना हा आहे, आणि शेवटी यमुनेचा पुनर्विवाह होतो. म्हणजे मराठी कादंबरी जन्माला आली तीच दुसऱ्या संधीचा प्रश्न घेऊन. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीतील यमूला पुढे ती संधी मिळाली नाही, तिच्या वाट्याला केशवपन आले. धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तो १८९३ मध्ये, ज्या वर्षी आमचे ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले त्याच वर्षी. त्या विवाहानंतर कर्व्यांच्या मुरूड गावाने त्या दोघांना वाळीत टाकले. ज्यांनी काहीच अपराध केला नव्हता, त्यांना दुसरी संधी मिळवण्यासाठी एवढे सोसावे लागले हे आठवले, की पावसात भिजण्याखेरीज काहीही न केलेल्या नायकाला ती एका पानात मिळालेली पाहून मन अस्वस्थ होते.

आपल्याकडे पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि हा फरक लेखकांनी गांभीर्याने घ्यावा असे मला कळकळीने वाटते. पश्चात्ताप मनात होतो. प्रायश्चित्त करावे लागते, त्याला दिवस लागतात आणि ते दुसऱ्याला दिसते. नायकाला अपघात घडवून किंवा असाध्य आजार देऊन लेखक ही सगळी मधली वर्षे टाळतो, कारण रुग्णालयाच्या खाटेवरच्या माणसाला नाही म्हणण्याची सोय कोणत्याच नायिकेला उरत नाही. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या होकाराला मी क्षमा कशी म्हणू?

आईचे ते वाक्य कुठून आले होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. कळव्याला राहणाऱ्या माझ्या एका मावशीचे यजमान तिच्या पाटल्या गहाण टाकून घर सोडून गेले होते आणि नऊ वर्षांनी परत आले होते. मावशीने त्यांना घरात घेतले नाही. काकांनी खारेगावात भाड्याने खोली घेतली, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात रखवालदारी धरली आणि दर महिन्याच्या पगाराला ते मावशीकडे येऊन पाटल्यांचे थोडे थोडे पैसे देऊ लागले. मावशी रक्कम वहीत लिही, बाहेरच्या खोलीत त्यांना चहा देई आणि ते निघून जात. शेजारपाजारचे तिला दगडाच्या काळजाची म्हणत. आई मात्र कधी काही बोलली नाही, आणि ज्या वर्षांत हे चालले होते त्याच वर्षांत मी तलावपाळीवर बसून कादंबऱ्यांचे शेवट वाचत होते.

हे पाच वर्षे चालले. शेवटची रक्कम लिहून झाल्यावर मावशीने बेरीज दोनदा तपासली, वही मिटली आणि विचारले, "जेवायला थांबताय का?" काका थांबले. पिठले-भाकरी होती, असे आई सांगत असे. जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःचे ताट स्वतः घासून ठेवले आणि साडेनऊच्या सुमाराला ते खारेगावच्या खोलीवर परत गेले.