लेझरनं कॅन्सर जळतो का?

लग्नात, गावच्या एसटीत, सोसायटीच्या जिन्यात, सगळीकडे हाच प्रश्न येतो: "तुम्ही लेझरवर काम करता ना, मग त्यानं कॅन्सर जळतो का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचा लेझर जाळत नाही. त्याच्या प्रकाशात आम्ही पेशी पाहतो, तीही न रंगवता.

पेशीवर एका रंगाचा प्रकाश टाकला की विखुरलेला जवळजवळ सगळा प्रकाश त्याच रंगाचा असतो. कोटीत एखादा फोटॉन मात्र रेणूच्या कंपनाशी ऊर्जेची देवघेव करून रंग बदलून येतो. १९२८ साली कोलकात्यात सी. व्ही. रामन यांना सापडला तो हाच परिणाम. रंग किती सरकला, याच्या आलेखाला रामन वर्णपट म्हणतात. प्रथिनाची घडी बदलली की कंपनही बदलतं. मळसूत्री वळणाच्या प्रथिनाचं शिखर आलेखावर १६५५ प्रति सेंटीमीटरच्या (रंगाचं सरकणं मोजायचं एकक) आसपास येतं, पट्ट्यांसारख्या पसरलेल्याचं १६७०कडे. एवढ्याशा सरकण्यासाठी मी तासन्‌तास अंधारात बसते. खोलीतली ट्यूबलाइट चुकून चालू राहिली तर पाऱ्याच्या रेषा आलेखात घुसतात. एकदा सुईसारखं उंच शिखर दिसलं आणि छाती धडधडायला लागली. पुन्हा मोजलं तर गायब! अवकाशातून आलेला एक किरण कॅमेऱ्यावर आदळला होता.

खरी अडचण पेशीपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या आवरणाची. ते जेमतेम ५ ते १० नॅनोमीटर जाड, आणि लेझरचा ठिपका त्याच्या शंभरपटीहून मोठा. पटलातल्या प्रथिनांचा आवाज आतल्या प्रथिनांच्या गलक्यात बुडून जातो. म्हणून सोन्याचे अतिसूक्ष्म कण घ्यायचे, त्यांना प्रतिपिंडं (अँटीबॉडी) जोडायची आणि ती पटलावरच्या ईजीएफआर या प्रथिनाला नेऊन चिकटवायची. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन बऱ्याचदा वाढलेलं असतं. सोन्याच्या अगदी लगत असलेल्या रेणूंचाच संकेत कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे नेमकं पटलच ऐकू येतं.

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात तोंडाच्या कॅन्सरवर रामन वर्णपटाचं काम झालंय. निरोगी गालात मेदाच्या खुणा ठळक दिसल्या, गाठीत प्रथिनांच्या. तंबाखू मळणारे हात आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून मला हे काम सोडवत नाही.

पण निदानाचा शेवटचा शब्द आजही तुकडा काढून केलेल्या तपासणीचाच. तुमच्या तोंडात दोन-तीन आठवडे न भरलेली जखम किंवा न गेलेला पांढरा चट्टा असेल, तर माझ्या लेझरची वाट बघू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी सांगितलं तर तुकडा काढू द्या.