पूर्वेचा समुद्र

आम्हा नाशिककरांचा समुद्र पश्चिमेला आहे. त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीला जा, नाहीतर थेट खाली दापोली, गणपतीपुळे, तारकर्लीपर्यंत जा, सूर्य पाण्यात बुडतानाच दिसतो. सूर्योदय मात्र आपण डोंगरामागून, झाडांमागून किंवा गोदाघाटावर पंचवटीच्या देवळांच्या शिखरांवरून पाहिलेला असतो. वडील रोज पहाटे रामकुंडावर स्नान करून ओंजळीने अर्घ्य देत आणि लहानपणी त्यांच्यासोबत गेलेली मी, शिखरांच्या कडा उजळायची वाट पाहत पायरीवर कुडकुडत बसून राहत असे. सूर्य पाण्यातून वर येताना मी पन्नाशी उलटेपर्यंत कधीही पाहिला नव्हता, आणि कॅमेरा हातात आल्यापासून ही उणीव मला सतत जाणवत होती.

त्यासाठी जपानच का, असे अनेकांनी विचारले. आपल्याकडे पुरी आहे, रामेश्वरम आहे, हे खरेच आहे. पण माझा भाचा नोकरीसाठी टोकियोत राहतो आणि त्याने एकदा पाठवलेल्या एका छायाचित्राने माझी झोप उडवली होती. काळ्या खडकावर उभे असलेले दगडी तोरण, त्याच्या पायाशी फुटलेली लाट आणि मागे नुकता वर आलेला सूर्य, एवढेच त्यात होते. ते ठिकाण म्हणजे टोकियोच्या ईशान्येला साधारण शंभर किलोमीटरवर असलेले, इबाराकी प्रांतातील ओआराई हे किनाऱ्यावरचे गाव. त्या तोरणाला ‘कामिइसो नो तोरी’ म्हणतात. ‘कामी’ म्हणजे देव, ‘इसो’ म्हणजे खडकाळ किनारा आणि ‘तोरी’ म्हणजे देवस्थानाचे प्रवेशतोरण. समोरच्या टेकडीवर ओआराई इसोसाकी हे शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माचे देवस्थान आहे. त्याची स्थापना इ.स. 856 मधली असून, देव याच खडकावर उतरले अशी तिथली श्रद्धा आहे. युद्धांच्या काळात हे देऊळ उद्ध्वस्त झाले होते; मितोचे अधिपती तोकुगावा मित्सुकुनी यांनी 1690 साली त्याच्या पुनर्बांधणीला हात घातला.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आम्ही विचार करूनच निवडला. हिवाळ्यात वायव्येकडून येणारे वारे जपानच्या पश्चिम बाजूला भरपूर बर्फ टाकतात आणि मधल्या डोंगररांगा ओलांडताना कोरडे होतात, त्यामुळे पॅसिफिकच्या बाजूला त्या दिवसांत आकाश बहुतेक स्वच्छ असते. इगतपुरीला धो धो पाऊस आणि सिन्नरला कोरडे रान हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय जूनमध्ये तिथे साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो, तर नोव्हेंबरअखेरीस सव्वासहा उलटून गेल्यावर; म्हणजे अंधारात तयारी करायला पुरेसा वेळ मिळतो. पहाटेची पहिली गाडी पकडूनही टोकियोहून सूर्योदयाला पोहोचता येत नाही, म्हणून दोन रात्री ओआराईतच राहायचे ठरले. उएनोहून मितोपर्यंत जलद गाडीने तासाभराहून थोडा अधिक वेळ लागला आणि तिथून डिझेलवर चालणाऱ्या छोट्या गाडीने पंधरा-वीस मिनिटांत आम्ही ओआराईला उतरलो.

नाशिकमध्ये मी सराव केला होता तो गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर. तिथे पाणी इतके निवांत असते की ट्रायपॉड रोवून तीस सेकंद शटर उघडे ठेवले तरी काही हलत नाही. त्या सरावाचा पहिल्या दिवशी मला फारसा उपयोग झाला नाही. पहाटे पाचला, म्हणजे नाशिकच्या घड्याळाप्रमाणे रात्रीच्या दीड वाजता, आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. थंडी सहा-सात अंशांची होती. निफाडची थंडी अंगावर घेतलेल्या माणसाला ती जड नाही, पण समुद्रावरचा वारा बोटांची टोके बधिर करत होता. क्षितिजावर ढगांचा एक जाड पट्टा पडून होता. सूर्य त्या पट्ट्याच्या वर आला तेव्हा तो पांढरा आणि डोळे दिपवणारा झाला होता. खोलीवर येऊन लॅपटॉपवर पाहिले तर बहुतेक फ्रेम्सवर तुषारांमधल्या मिठाचे बारीक गोल डाग होते आणि लांब एक्स्पोजरच्या फ्रेम्स किंचित हललेल्या होत्या, कारण वाळूत उभ्या केलेल्या ट्रायपॉडच्या पायांखालची वाळू प्रत्येक लाट परतताना थोडी थोडी ओढून नेत होती. भाचा म्हणाला, “मावशी, एवढ्या लांब आलीस, उद्याचा दिवस आहे ना अजून.” मी त्याच्याशी फार बोलले नाही. दुपारभर फिल्टर पुसले, ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुतले आणि देवळाच्या उंच पायऱ्या चढून वरून खडकांची रचना नीट पाहून घेतली.

त्या पायऱ्यांवरून समुद्राकडे पाहताना भाच्याने 11 मार्च 2011 च्या त्सुनामीचा विषय काढला. त्या दिवशी ओआराईच्या बंदराबाहेर समुद्रात पडलेला प्रचंड भोवरा आपण सर्वांनीच दूरदर्शन संचांवर पाहिला होता. तो भोवरा म्हणजे हेच गाव, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. त्यानंतर खडकांवर उतरू नका असे सांगणाऱ्या फलकाकडे मी अधिक गांभीर्याने पाहिले. तोरणाच्या खडकापर्यंत जाण्याचा मोह फोटो काढणाऱ्याला होतोच, पण तो खडक देवाचा आहे आणि लाटांचाही आहे. आपण किनाऱ्यावरूनच पाहावे हे योग्य.

दुसऱ्या पहाटे आकाशात एकही ढग नव्हता. वाटेतल्या यंत्रातून घेतलेला गरम चहाचा डबा मी आळीपाळीने दोन्ही तळव्यांत धरत होते. आमच्या आधी एक वयस्कर गृहस्थ येऊन उभे होते. माझा ट्रायपॉड वाळूत रोवला जात असलेला पाहून त्यांनी मान हलवली, स्वतःचा ट्रायपॉड दोन हात बाजूला सरकवला आणि तिथला सपाट, ओला न होणारा दगड मला हाताने दाखवला. भाच्याने त्यांच्याशी दोन वाक्ये बोलल्यावर त्यांनी वाकून नमस्कार केला. पुढचा तासभर आम्ही तिघेही एकमेकांशी बोललो नाही.

अंधारात फोकस साधणे हे या कामातले सर्वांत नाजूक काम आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठे करून, दूरच्या एका दिव्यावर मॅन्युअल फोकस लावला आणि नंतर लेन्सच्या कड्याला हात लावला नाही. सूर्योदयाच्या जवळपास तासभर आधी क्षितिजावर राखाडी रेघ दिसू लागली, मग ती जांभळट झाली, आणि अर्धा तास उरला असताना खालून तांबडे फुटले. या निळसर वेळेत तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये समुद्राचे धुके होते आणि तोरण त्या धुक्यात तरंगताना दिसते. पण मला ते फार आवडले नाही. पाणी आपले वजनच हरवून बसते. मी अर्ध्या सेकंदावर आले. लाट खडकावर चढते, क्षणभर थांबते आणि मग खडकाच्या प्रत्येक खाचेतून पांढऱ्या धाग्यांसारखी खाली ओघळते. ते ओघळणे अर्ध्या सेकंदात नेमके पकडले जाते. लाट चढताना नव्हे, ती उतरायला लागल्यावर बटण दाबायचे, हे मला त्या सकाळी कळले.

आणखी एक गोष्ट मी घरून हिशेब करून नेली होती. नाशिक 20 अक्षांशावर आहे, ओआराई 36 च्या थोडे वर. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य क्षितिजाशी जवळपास सत्तर अंशांचा कोन करून, म्हणजे बराचसा सरळ वर चढतो. तिथे तो पन्नासच्या आसपास कलून निघतो. जितका वर जातो, जवळजवळ तितकाच उजवीकडे सरकतो. त्यामुळे सूर्य उगवताना तोरणाच्या बरोबर मध्ये दिसेल अशी जागा धरली, तर तो पूर्ण वर येईपर्यंत मध्यभाग सोडून गेलेला असतो. म्हणून मी त्याचा पहिला बिंदू डाव्या खांबाजवळ येईल अशी फ्रेम बांधली होती.

तो बिंदू दिसला तेव्हा किनाऱ्यावर कुणीही आवाज केला नाही. समुद्राच्या रेषेवर ठिणगीएवढे लाल काहीतरी पेटले, ते रुंद झाले, त्याची चकती झाली. पूर्ण बिंब पाण्यातून सुटायला जवळपास तीन मिनिटे लागली. सुरुवातीला त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत होते. मी अकरा वेळा बटण दाबले. सूर्य दोन्ही खांबांच्या मधोमध आला तेव्हा एक मोठी लाट खडकावर चढली आणि ओघळू लागली. ती फ्रेम घेऊन झाल्यावर मी रिमोट खिशात ठेवला, थोडे पुढे होऊन पाण्यात हात बुडवले आणि ओंजळ भरून सूर्याकडे सोडली. पाणी बर्फासारखे होते. शेजारच्या गृहस्थांनी त्याच वेळी तोरणाकडे पाहून दोनदा टाळ्या वाजवल्या आणि डोळे मिटले.

नाशिकला आल्यावर ते छायाचित्र मोठे छापून दिवाणखान्यात लावले. घरी येणारा प्रत्येक जण त्यासमोर थांबतो आणि हा सूर्यास्त कुठला, असे विचारतो. समुद्र आणि लाल सूर्य एकत्र दिसले की आपल्या मनात संध्याकाळच उभी राहते, त्यामुळे मला त्यांचे आश्चर्य वाटत नाही. आता चौकटीच्या खाली मी एक छोटी पट्टी लावली आहे. तिच्यावर गावाचे नाव आहे आणि त्यापुढे वेळ लिहिली आहे, सकाळी 6 वाजून 26 मिनिटे.